ओव्हाळ सरांना काही विचारू नका

ओव्हाळ सरांना ‘काय सर, बरं आहे ना?’ असं जाताजाता विचारायची सोय नव्हती. आपण जाताजाता विचारायचं आणि ते थांबायचे. हातातली पिशवी खाली ठेवायचे. “बरं म्हणजे, झोप चांगली लागली. पहाटे डाव्या टाचेत कळ आली, ती उठल्यावर गेली. भूक आहे. काल रात्री वांगं खाल्लं, ते खायला नको होतं, पण सुशीलाबाईंनी मन लावून केलं होतं.” एवढं झालं की पिशवी उचलायचे आणि म्हणायचे, “आणि तुम्ही?” आपण ‘बरा आहे’ म्हणालो की त्यांचा चेहरा पडायचा. हा माणूस काहीतरी लपवतोय, असं त्यांना वाटायचं. माझ्या बाबतीत ते वाटणं पुढे खरं ठरलं.

मी नोकरीला लागलो ते नगर–सोलापूर रस्त्यावर, मिरजगावच्या अलीकडे, माळावर बांधलेल्या एका आयुर्वेद कॉलेजात. नाव सांगत नाही. ते अजून चालू आहे आणि माझं पोट अजून त्याच्यावरच आहे. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचा विषय, त्या विभागाचे प्रमुख ओव्हाळ सर, आणि त्यांच्या हाताखाली मी एकटा. तोही हंगामी. दर जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही, या काळजीत मी उन्हाळा काढायचो.

रुजू झालो त्या दिवशी आमचे शिपाई बाबूराव मला जिन्याखाली घेऊन गेले.

“सायेब, वव्हाळ सरांला कायबी काम सांगा, न्हाई म्हननार न्हाईत. फक्त त्यान्ला काय इचारू नका.”

“का, रागावतात?”

“रागवत न्हाईत. सांगत्यात.”

मी हसलो आणि विभागात गेलो. सर खिडकीशी उभे होते. उंच, थोडे पुढे वाकलेले. झाडाकडे बघून बघून तो बाक आला असावा. शर्टाचा खिसा हिरवा. त्यात कायम चार पानं, एखादी शेंग, साल. सरांच्या पत्नी सुशीलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्या म्हणायच्या, “धोब्यानं ह्यांचे शर्ट घ्यायचं सोडलंय. म्हणतो, मॅडम, हे मी रानात वाळत घालू का?”

सरांनी मला खुर्ची दिली आणि खिशातून एका मुळीचा तुकडा काढून हातावर ठेवला. “चावा.” पहिलाच दिवस, साहेब सांगतायत, मी चावला. तो अक्कलकरा होता. जीभ आधी चुणचुणली, मग बधिर झाली आणि तोंडाला नळ सोडल्यासारखी लाळ सुटली. त्याच वेळी प्राचार्य जगदाळे सरांचं बोलावणं आलं. संस्थेचे अध्यक्ष आण्णा तिथं बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलं. मी ‘पवार’ म्हणायला गेलो, पण ओठांतून बाहेर आलं ते अक्षरात लिहिता येत नाही. आण्णा जगदाळे सरांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “पोरगं हुशार असंल, पन सकाळीच घेतंय काय?”

मी परत येऊन कसाबसा तक्रार करायला लागलो, तर सर समाधानाने म्हणाले, “आता अक्कलकरा तुम्ही विसरणार नाही. मी वाचून शिकवला असता तर दिवाळीपर्यंत विसरला असता.”

त्यांचं शिकवणं असं होतं. पोरं त्यांच्या तासाला ‘चराई’ म्हणायची. ‘कुठं चाललास?’ ‘चराईला.’ सर प्रत्येकाला पान द्यायचे आणि सगळा वर्ग गुरांसारखा रवंथ करत बसायचा. चव संपेपर्यंत बोलायचं नाही, हा नियम. संपली की विचारणं सुरू.

“कसं होतं?”

“कडू, सर.”

“किती?”

“लई.”

“लई म्हणजे कुठं? टोकाला, कडेला, की घशापाशी? पाणी प्यायलास तर जाईल असं कडू की पाणीच कडू करील असं?”

त्यामुळे आमच्याकडची पोरं इतर विषयांत जेमतेम असली, तरी डोळे बांधून पान ओळखायची. माळावर पाणी नव्हतं. टँकर यायचा तो आधी वसतिगृहाला, मग रुग्णालयाला, आणि उरलं तर सरांच्या बागेला. उरायचं नाही. सर घरचं भांडी विसळलेलं पाणी सायकलला कॅन बांधून आणायचे. बागेला काट्याचं कुंपण होतं, पण गावातल्या शेळ्यांना त्यातली वाट सरांपेक्षा जास्त ठाऊक होती. एकदा शेळीनं शतावरी खाल्ली, तर सर तिच्या मालकाकडे गेले. तो भांडणाच्या तयारीत बसला होता. सरांनी शांतपणे विचारलं, “दूध वाढलं का?”

सर आपण होऊन कधी फार बोलत नसत. विचारलं तरच. पण विचारलंत तर मात्र पूर्ण. उत्तर अर्धं देणं म्हणजे औषध अर्धं देणं, असं ते मानायचे. एकदा नगरहून येताना आम्ही एसटीत होतो. रस्त्याकडेला काहीतरी दिसलं आणि सरांनी उठून बेलची दोरी ओढली. गाडी थांबली.

कंडक्टर म्हणाला, “कोन उतरतंय?”

“कुणी नाही. जरा ते झुडूप बघायचं होतं.”

“सर, यस्टी हाय ही. तुमचं कालेज न्हाई.” एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण तो माणूस मुळात चौकस. “कसलं झुडूप म्हनं?”

मी डोळे मिटून घेतले. सर खाली उतरले, फांदी घेऊन आले आणि सांगायला लागले. कुठं उगवतं, मूळ कसं, गुडघ्याला कसं लावायचं, कुणी लावायचं नाही. ड्रायव्हर इंजिन बंद करून मागे वळून बसला. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं “आमच्या मंडळीचा गुडघा हाय” म्हणत निम्मी फांदी धोतराच्या सोग्यात बांधली. नंतर पावसाळ्यात तोच कंडक्टर स्वतःहून गाडी हळू करायचा. “सर, डाव्या अंगाला बघा, काय तरी पिवळं फुललंय.”

आणखी एक प्रसंग आहे. तो मी बरीच वर्षं नुसता विनोद म्हणून सांगत आलो. बाहेरून एक मोठे वैद्य व्याख्यानाला आले होते. सरांनी चर्चेत एक श्लोक अस्खलित म्हटला, त्यामुळे पाहुण्यांचं कुतूहल चाळवलं. चहाच्या वेळी गोड आवाजात म्हणाले, “ओव्हाळ म्हणजे, आपण मूळचे कुठले?”

त्यांना काय हवंय ते खोलीत सगळ्यांना कळलं. सरांनाही कळलं असणार. पण प्रश्न तो प्रश्न. त्यांनी कप खाली ठेवला. “मिरजगावपासून आत, सीनेच्या अंगाला आमचं गाव. गावात घर म्हणाल, तर गावाच्या बाहेर, खालच्या बाजूला. आजोबांपर्यंत आम्ही महार. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला, तेव्हापासून बौद्ध. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. संस्कृत मी नगरला शिकलो, शिकवणाऱ्या गुरुजींनी पहिले दोन महिने मला दाराशी बसवलं, तिसऱ्या महिन्यात आत घेतलं, कारण बाकीच्यांचं पाठांतर कच्चं होतं. सुशीलाबाईंचं माहेर—”

पाहुणे घामाघूम झाले. “नाही, नाही. मी आपलं सहज विचारलं.”

“मीही सहजच सांगतोय. अजून मामांकडचं राहिलंय.” आणि त्यांनी मामांकडचंही सांगितलं. पाहुण्यांचा चहा थंड झाला. आम्ही नंतर पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. दाराशी बसल्याचे ते दोन महिने त्यांनी एरवी कुणाला सांगितले नव्हते. एरवी कुणी विचारलं नव्हतं.

मग आरोग्यशास्त्राचं वेगळं विद्यापीठ निघालं. तोवर आम्ही इतिहास नि वाणिज्य शिकवणाऱ्या कॉलेजांच्या रांगेतच उभे असायचो. आता राज्यातली सगळी डॉक्टरकी, आमची, होमिओपॅथीवाल्यांची, दातांची, नर्सिंगची, एका छपराखाली येणार होती. प्रत्येक कॉलेजला नव्या विद्यापीठाची संलग्नता घ्यायची होती आणि त्यासाठी समिती येऊन पाहणी करणार होती. संलग्नता नाही म्हणजे परीक्षा नाही. पोरांचं वर्ष जाणार, आणि कॉलेजला टाळं लागलं तर आमच्या नोकऱ्याही जाणार. नवं विद्यापीठ फार कडक आहे, अशी बातमी नगरहून रोज नवा मसाला लावून यायची.

आमच्याकडे शंभर खाटांचं रुग्णालय होतं. खाटा खरोखर होत्या. रुग्ण मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी चार-सहा आले तर आले. त्यावर आमच्या भागात एक रीत पडली होती. पाहणीच्या दिवशी टेम्पो पाठवून वाड्यावस्त्यांवरची माणसं आणायची, त्यांना खाटांवर झोपवायचं आणि दुपारी बुंदी-भाताचं जेवण घालून परत पोचवायचं. हे खातं बाबूरावांकडे होतं. आदल्या दिवशी ते आजार वाटून द्यायचे. त्यांची नेहमीची एक सरूआजी होती. तिचा रुसवा मी कानांनी ऐकला.

“बाबू, मागल्या खेपेला बी मला दमाच दिलता. खोकून खोकून बरगड्या दुखत्यात. औंदा दुसरं काय तरी दे.”

“आजे, तुज्यावानी दमा कुनाला जमत न्हाई.”

“त्या गंगीला संधिवात दिला, ती निस्ती पडून हुती. तिला बी बुंदी आन मला बी तेवढीच.”

बागेसाठी नगरच्या नर्सरीतून कुंड्या आणल्या होत्या. त्यांत शोभेची झाडंच जास्त. जगदाळे सरांनी त्यांना औषधी नावांच्या पाट्या लावून टाकल्या. ओव्हाळ सर त्या कुंड्यांमधून फिरले. एका क्रोटनचं पान तोडून त्यांनी चावलं, थुंकलं, आणि प्राचार्यांना म्हणाले, “मी आपण होऊन काही बोलणार नाही. विचारलं तर सांगेन.”

धमकी नव्हती ती. ते नुसतं त्यांच्या प्रकृतीचं वर्णन होतं. पण जगदाळे सरांचं रक्तदाब मोजायचं यंत्र त्या दिवसापासून टेबलावरच राहिलं. ते मनाने वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांनी सरांना रजा घ्यायला सांगून पाहिलं. सर म्हणाले, “कशासाठी? मी बरा आहे.” आणि बरा म्हणजे कसा, ते सांगितलं. शेवटी जगदाळे सरांनी मला बोलावलं.

“पवार, त्या दिवशी ओव्हाळ सर इथं नकोत. काहीतरी करा. तुमचं कायमचं करायचंय यंदा, आण्णांच्या डोक्यात आहे.”

काहीतरी करा, एवढंच ते म्हणाले. पुढचं सगळं माझं. गेली पंचवीस वर्षं मी स्वतःला ‘प्राचार्यांनी सांगितलं होतं’ असं समजावत आलो. त्यांनी पळस सांगितला नव्हता. पळस माझा होता.

पांढऱ्या फुलाच्या पळसाबद्दल आमच्याकडे सगळेच बोलतात आणि तो कुणीच पाहिलेला नसतो. सरांनी उभ्या आयुष्यात ज्या ज्या गावाचं नाव निघालं तिथं जाऊन शोधला होता. दर वेळी केशरीच निघायचा, किंवा झाडच नसायचं. फेब्रुवारी संपत आला होता, पळस फुलायचे दिवस. मी त्यांना म्हणालो, “सर, कोल्हारला माझा एक मित्र आहे. प्रवरेच्या काठी त्यानं पांढरा पळस पाहिलाय. पण फुलं गळायला लागलीत म्हणे. उद्याच्या उद्या गेलं पाहिजे.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं. पण त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. “तुम्ही स्वतः विचारलंत त्याला? पांढराच ना, फिकट पिवळा नाही ना?”

“पांढराच,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने सर गेले. निघताना म्हणाले, “समितीला माझा नमस्कार सांगा. पळस महत्त्वाचा.”

समिती सकाळीच यायची होती. आली नाही. टेम्पो आले, माणसं खाटांवर चढली, सरूआजीनं घसा मोकळा करून घेतला, सनईची कॅसेट लावली. ऊन डोक्यावर आलं. सरूआजी दर थोड्या वेळाने विचारत होती, “आता खोकू का?” आचारी म्हणत होता बुंदी कडक होतेय, पण समिती बघून जाईपर्यंत वाढायचं नाही, असा आण्णांचा हुकूम. कारण जेवायला उठलेला रुग्ण फार तरतरीत दिसतो.

ऊन कलल्यावर फाटकातून पांढरी अँबॅसिडर आत आली. पुढचं दार उघडलं आणि आधी बाहेर आली ती हिरव्या फांद्यांची मोळी. तिच्या मागून ओव्हाळ सर.

माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते साधं होतं. समिती नगर–मनमाड रस्त्याने येणार होती आणि कोल्हार त्याच रस्त्यावर आहे. मी सरांना समितीपासून लांब पाठवायच्या नादात समितीच्या वाटेवर नेऊन उभं केलं होतं. गाडी पंक्चर झाली, उशीर झाला, म्हणून मंडळी कोल्हारला एका रसवंतीवर टेकली. शेजारच्या बाकावर सर बसले होते, सकाळभर नदीकाठ पालथा घालून, पायाला चिखल, हातात मोळी. समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मोळीकडे बघून विचारलं, “हे काय आहे हो?”

तिथून पुढचं मला सरांनीच संध्याकाळी सांगितलं, कारण मी विचारलं. रस संपला तरी उत्तर संपलं नव्हतं. कुठं जायचंय विचारलं, सरांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, “आम्ही तिथलंच एक कॉलेज बघायला चाललोय. बसा गाडीत.” आणि कोल्हार ते माळ एवढ्या लांबच्या रस्त्यात तीन जिज्ञासू माणसं आणि ओव्हाळ सर.

“रुग्णालयात खाटा किती?”

“शंभर.”

“आणि रुग्ण?”

“आजचे विचारताय की एरवीचे?”

बाईंनी म्हणे वही उघडली. मग म्हणाल्या, “दोन्ही सांगा.”

हे काहीच माहीत नसल्यामुळे आम्ही त्या दुपारी जे केलं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. जगदाळे सरांनी हार घातले. आण्णांनी आमची सेवा किती जुनी ते सांगितलं. बाई सगळं ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, नाटकाची गोष्ट आधीच ठाऊक असलेल्या प्रेक्षकाचा शांतपणा होता. वॉर्डात त्या सरळ सरूआजीपाशी थांबल्या.

“आजी, काय होतंय?”

“दमा.” आणि आजी अशी खोकली की शेजारच्या संधिवातानं उठून तिची पाठ चोळली.

बाईंनी तिचं मनगट हातात घेतलं. “जेवलात का?”

“कुठलं जेवताव. तुमचीच वाट बघून ऱ्हायलो. लई उशीर केला तुमी. ती बुंदी दगड झाली आसंल.”

बाई जगदाळे सरांकडे वळल्या. “आधी ह्या सगळ्यांना जेवायला घाला. मग बाकीचं.” मग आजीला म्हणाल्या, “आजी, पोटभर जेवा. आणि खोकू नका आता. घसा बसेल.”

कुंड्यांच्या रांगेपाशी त्यांनी एकाही पाटीकडे पाहिलं नाही. काट्याच्या कुंपणातून आत, सरांच्या बागेत गेल्या. वर्गात तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या कुठल्याही मुलीला बोलवा म्हणाल्या. एक पोरगी आली, मिरजगावच्या दुकानदाराची. बाईंनी तिच्या हातावर एक पान ठेवलं. पोरीनं विचारलंसुद्धा नाही, सवयीने तोंडात टाकलं, डोळे मिटले, चव संपेपर्यंत गप्प उभी राहिली आणि मग बोलायला लागली. तिला थांबवावं लागलं. समितीतले एक डॉक्टर दुसऱ्याला म्हणाले, “हिला अर्धं उत्तर देताच येत नाही.” बाई म्हणाल्या, “मास्तरांचं वळण.”

महिन्याभराने निर्णय आला. संलग्नता मिळाली, पण एकाच वर्षाची. रुग्णालय खरं चालवून दाखवा, कुंड्या परत करा, पुन्हा येऊन बघू. आणि शेवटी, द्रव्यगुण विभागाचं अध्यापन उत्तम. पोरांची परीक्षा वाचली. जगदाळे सरांनी पेढे वाटले. पण आण्णांच्या डोक्यातून कोल्हार जाईना. समितीला आधीच सगळं कळलेलं होतं, हे त्यांना समितीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून समजलं होतं. त्यांनी तिघांना बोलावलं, जगदाळे सर, ओव्हाळ सर आणि मी.

“सर,” आण्णा म्हणाले, “तुमी त्या दिशी कोल्हारला का गेल्ता?”

“पांढरा पळस बघायला.”

“हुता का?”

“नव्हता. नदीच्या दोन्ही काठांनी पाहिलं. वरच्या अंगाला साधे पळसही नाहीत, ऊसच आहे. खालच्या अंगाला—”

“ऱ्हाऊ द्या. तिथं पळस हाय म्हनून तुमाला सांगितलं कुनी?”

जगदाळे सर पंख्याकडे बघायला लागले. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझं कायमचं पत्र आण्णांच्या खणात होतं, हे मला ठाऊक होतं. सर माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. हे आता पवार सांगतील, त्यांना जास्त माहिती आहे, असा तो साधा विश्वास होता. त्यांनी बराच वेळ मला संधी दिली. मग मला आठवत नसावं असं वाटून, मदत करायच्या सुरात, “ते आपले—” म्हणाले. आणि थांबले. मी ग्लासावरून नजर उचलली नव्हती. त्या थांबण्यात त्यांना सगळं कळलं. मित्र नव्हता, पळस नव्हता, आणि मी आता बोलणार नव्हतो.

“ऐकीव होतं,” सर म्हणाले.

त्यांनी दिलेलं एवढं लहान उत्तर मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“ऐकीव गोष्टीसाठी नेमकं त्याच दिशी समितीच्या रस्त्यावर जाऊन उभं ऱ्हायलात? आमाला काय दूधखुळं समजता?” आण्णांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. सरांना राजीनामा द्यायला सांगितलं. त्यांनी तो तिथंच दिला. जाताना आण्णांनी विचारलं नाही म्हणून ते काही बोलले नाहीत. मला जूनमध्ये कायम केलं.

सर मराठवाड्यातल्या एका कॉलेजात लागले. सुशीलाबाई बदली होईपर्यंत इथंच होत्या. रस्त्यात दिसल्या की मी रस्ता बदलायचो. एकदा बाजारात चुकवता आलं नाही. त्या म्हणाल्या, “पवार, कसे आहात?” मी ‘बरा आहे’ म्हणालो. त्या म्हणाल्या, “तुमच्या विभागात आता एवढ्यावर भागतं का?”

पुढच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक कोण ते नव्या विद्यापीठाने कळवलं. ओव्हाळ सर. विद्यापीठाला आमचं रामायण माहीत असायचं कारण नव्हतं. आण्णांना त्या दिवशी नेमका ताप आला. जगदाळे सर मला म्हणाले, “तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. आणि काही विचारू नका.”

सर आले, मला नमस्कार केला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. पानं मांडलेली होती. सरांना बघून पोरांचे चेहरे असे खुलले की तोंडी परीक्षा आहे की लग्न आहे, कळेना. एक पोरगा गोंधळून म्हणाला, “सर, माहीत नाही.” सरांनी पान पुढे केलं. “मग विचार काय करतोस, चाव.” दिवसभर आम्ही खांद्याला खांदा लावून गुण भरत होतो. मी दोनदा “सर, त्या दिवशी” अशी सुरुवात केली. दोन्ही वेळा ते “पुढचा मुलगा उभा आहे” म्हणाले.

संध्याकाळी त्यांना एसटीवर पोचवायला मीच गेलो. बाबूरावांना मुद्दाम मागे ठेवलं. नगरची गाडी आली. सरांना खिडकीची जागा मिळाली. ते गजांमागे बसले, पिशवी मांडीवर. गाडी सुटायला वेळ होता की नव्हता, मला कळत नव्हतं, पण आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे कळलं.

“सर,” मी खालून म्हणालो, “आण्णांपुढे तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. तुम्हाला माझा राग आला नाही का?”

सरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“आला ना,” ते म्हणाले. “तिथं नाही आला. तिथं मला तुमची काळजी वाटली, तुमचा रंग उतरला होता. घरी गेल्यावर आला. सुशीलाबाईंनी विचारलं, की पवारांनी असं का केलं, तेव्हा मी त्यांना म्हणालो—”

कंडक्टरनं बेल मारली. गाडीनं धूर सोडला आणि गचका देऊन निघाली. सर गजांना चिकटून बोलतच होते. मी गाडीबरोबर चालायला लागलो, मग पळायला लागलो. “दुसऱ्या दिवशी” एवढं ऐकू आलं. मग एकदा “पळस”. मग इंजिनाचा आवाज. माळाच्या चढाला लागताना गाडी आणखी ओरडली आणि मी उभा राहिलो.

सर डोकं बाहेर काढून अजून सांगत होते. मला ऐकू येत नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही, कोण जाणे. मुद्दे मोजायला त्यांचा एक हात खिडकीबाहेर आला होता. वळणापर्यंत तो दिसत होता, एकेक बोट सावकाश उघडत जाणारा.